वाचकांचे प्रश्न : वाळवंटातल्या दगडी कमानी

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी आर्चेस नॅशनल पार्कबद्दल थोडंसं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं हे वाळवंटी उद्यान नैसर्गिक दगडी कमानींसाठी प्रसिद्ध आहे. माझी लेक त्याच राज्यात, सॉल्ट लेक सिटीला राहते. तिच्याकडे गेले की आर्चेसला फेरी होतेच, आणि भूगोल शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे त्या दगडांपुढून माझा पाय लवकर निघत नाही. त्या मजकुरावर निपाणी, चिकोडी, खानापूर, रामदुर्ग अशा सगळीकडून पत्रं आली. बेळगाव जिल्ह्यातल्या इतक्या घरांतली मुलं आता तिकडे आहेत, हेही त्यावरून कळलं. म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मुलगी-जावई डेन्व्हरला असतात. जूनमध्ये आम्ही दोघं जाणार आहोत. जावई म्हणतात, आर्चेस दाखवतो. पण हिचे दोन्ही गुडघे गेलेत, देवळाच्या पायऱ्यासुद्धा धरून धरून चढते. तिथे नुसतं चालणंच आहे असं ऐकलं. जावं की नको? — एक ज्येष्ठ वाचक, निपाणी

जरूर जा, आणि वहिनींना घेऊनच जा. "तुम्ही गाडीत बसा, आम्ही बघून येतो" असं तिथे कुणी त्यांना म्हणता कामा नये. तशी वेळच येत नाही.

उद्यानात शिरल्यावर रस्ता वळणं घेत वर चढतो आणि तिथून थेट दुसऱ्या टोकापर्यंत डांबरी सडक आहे, साधारण २९ किलोमीटरची. बघण्यासारखं निम्मं या सडकेवरूनच दिसतं. पहिला थांबा पार्क अव्हेन्यूचा. दोन्ही बाजूंना लाल दगडाच्या सरळ उभ्या भिंती आणि मधून वाट. खाली उतरायची गरज नाही, कठड्यापाशी उभं राहिलं तरी सगळं समोर असतं. पुढे बॅलन्स्ड रॉक. बारक्या मानेवर तोललेला प्रचंड धोंडा, तळापासून माथ्यापर्यंत ३९ मीटर उंच. हा गाडीतूनच दिसतो. तरी वहिनींना उतरवा आणि सपाट वाटेने थोडं जवळ न्या, कारण वरचा धोंडा आणि खालची मान यांचे दगड वेगळे आहेत हे जवळून कळतं. मान मऊ, गाळाच्या दगडाची; वरचा धोंडा टणक वालुकाश्माचा. मान झिजते आहे, धोंडा टिकून आहे.

तिथून उजवीकडे फाटा जातो तो विंडोज भागाकडे. तिथली डबल आर्च वहिनींनी चुकवू नये. जाऊन-येऊन पाऊण-एक किलोमीटर, वाट जवळपास सपाट, थोडी वाळूची. हातात काठी असू द्या. एकाच बुंध्यातून निघाव्यात अशा दोन कमानी, मोठीची उंची ३४ मीटर. तिच्याखाली पोचायची गरज नाही, पायथ्याच्या दगडावर बसूनही मन भरतं. शेजारच्या विंडोजच्या वाटेला पायऱ्या आहेत, ती सोडून द्या.

आता सगळ्यांना जी हवी असते ती डेलिकेट आर्च. युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर जिचं चित्र असतं, तीच. तिच्या पायथ्यापर्यंत जायला जाऊन-येऊन पाच किलोमीटर आणि उघड्या खडकाचा लांब चढ आहे. त्या गुडघ्यांनी हे नको. पण तिच्यासाठी खालचा एक व्ह्यूपॉइंट केलेला आहे. पार्किंगपासून शंभर-एक पावलं, व्हीलचेअर जाईल अशी वाट. कमान तिथून दीड किलोमीटरवर, डोंगराच्या कडेवर उभी दिसते. दुर्बीण न्या. जावयांना आणि नातवंडांना वर जायचं असेल तर जाऊ द्या, तोवर तुम्ही दोघं वाटेच्या सुरुवातीलाच असलेली वुल्फची झोपडी बघा.

या झोपडीवर मी जरा जास्त लिहिते, कारण तिथे लोक दोन मिनिटंही थांबत नाहीत. जॉन वेस्ली वुल्फ हा अमेरिकेच्या यादवी युद्धात पायाला इजा झालेला माणूस. १८९८ साली ओहायोहून थोरल्या मुलाला घेऊन तो इथे आला. थोडं गवत, ओढ्याचं थोडं पाणी, बाकी सगळा ओसाड माळ. बापलेकांनी इथे गुरं पाळली. १९०६ मध्ये त्याची मुलगी फ्लोरा नवरा आणि मुलांसह राहायला आली, बापाचं ते राहणं बघून हादरली, आणि लाकडी जमीन असलेली नवी झोपडी बांधायला तिने त्याला भाग पाडलं. आज उभी आहे ती हीच. त्या दारात उभं राहून आत बघा. एवढ्याशा खोलीत सगळं कुटुंब राहायचं, आणि अंगणाबाहेर कोसन्‌कोस माणूस नाही. १९१० मध्ये ती मंडळी ओहायोला परत गेली.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. जूनमध्ये दुपारी पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि सावली नावाला नसते. म्हणून आदल्या दिवशी मोआब गावात मुक्काम करा. ते उद्यानाच्या दारापासून आठ किलोमीटरवर आहे. सकाळी उजाडताच आत शिरा, दहा-साडेदहाला बाहेर पडा, दुपारी खोलीत झोपा, आणि ऊन कलल्यावर पुन्हा जा. दुसरं म्हणजे डेन्व्हरहून येताना साडेपाच-सहा तासांच्या प्रवासात मोठा रस्ता ३,४०० मीटर उंचीवरच्या बोगद्यातून जातो. रक्तदाबाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि वाटेत तिथे फार रेंगाळू नका.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की वाळवंटात वारा दगड कोरतो आणि त्याने कमानी होतात. मग आपल्याकडे वारा असून कमानी का नाहीत? — एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

बाळा, तुझा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून सावकाश उत्तर देते. वाऱ्याने वाळू उडते, दगड थोडा घासला जातो, हे सरांचं म्हणणं खरं आहे. पण आर्चेसच्या कमानींत वाऱ्याचा वाटा अगदी थोडा. त्या पाण्याने केल्या. जिथे वर्षभरात २५० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही तिथे पाण्याने! तेवढा पाऊस आपल्याकडे एकट्या जुलैत पडून जातो.

सुरुवात मिठापासून करायला हवी. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी त्या भागात समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा आत यायचं आणि आटायचं. दर खेपेला तळाशी मीठ राहायचं. असं करत मिठाचा थर शेकडो मीटर जाड झाला. नंतर त्यावर गाळ साचला, आणि त्याच्यावर वाऱ्याने आणलेल्या वाळूच्या टेकड्या. वाऱ्याचं मोठं काम आहे ते इथे : कोरण्याचं नव्हे, वाळू आणून टाकण्याचं. त्या वाळूचाच पुढे दगड झाला. आज आपण ज्यात कमानी बघतो तो एन्ट्राडा नावाचा वालुकाश्म डायनासोरांच्या काळातला आहे.

आता मिठाचा स्वभाव बघ. वरून प्रचंड वजन पडलं की मीठ दगडासारखं गप्प बसत नाही, हळूहळू सरकतं. पिठाच्या गोळ्यावर तळहात दाबला की पीठ बोटांच्या फटींतून वर येतं ना, तसं ते मीठ जिथे दाब कमी तिथे वर फुगलं. त्याच्या डोक्यावरचा दगड वाकला आणि त्याला लांबच लांब, एकमेकींना समांतर भेगा पडल्या. पुढे जमिनीतल्या पाण्याने मीठ विरघळलं, फुगलेला भाग खाली बसला. उद्यानाच्या मधोमध सॉल्ट व्हॅली नावाचं खोरं आहे ते असं झालेलं. भेगांत पाणी शिरत गेलं, भेगा रुंद झाल्या, आणि दोन भेगांच्या मधला दगड उभ्या, पातळ भिंतीसारखा सुटा राहिला. इंग्रजीत अशा भिंतींना फिन म्हणतात. डेव्हिल्स गार्डन भागात या भिंती एकीमागे एक उभ्या आहेत, मधल्या फटी इतक्या अरुंद की माणूस आडवा होऊन जावा.

या भिंतींत भोक कसं पडतं? वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ तिथे कॅल्साइट आहे, म्हणजे चुन्याचाच प्रकार. घरी चुनखडीचा खडा मिळाला तर त्यावर लिंबू पिळून बघ, बारीक फेस येईल. आंबटाने चुना विरघळतो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, त्यामुळे तेही अगदी किंचित आंबट असतं. ते दगडात मुरतं, कॅल्साइट नेतं, आणि कण सुटे होऊन गळतात. मऊ थर आणि टणक थर जिथे भेटतात तिथे हे जास्त होतं. हिवाळ्यात रात्री तापमान शून्याखाली जातं, भेगेत अडकलेल्या पाण्याचा बर्फ होतो, तो पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त जागा मागतो आणि दगडाला पाचर ठोकतो. आधी खोबण, मग कोनाडा, मग एके दिवशी भिंत आरपार. भोक पडलं की वरचा दगड आपल्याच वजनाने तुकडे टाकत टाकत कमानीचा आकार घेतो, कारण त्या आकारात भार दोन्ही बाजूंना वाटला जातो.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की नुसता वारा किंवा नुसता पाऊस पुरत नाही. खाली सरकणारं मीठ, वर समांतर भेगा पडलेला दगड, कणांना धरणारा विरघळणारा पदार्थ, रात्रीचं गोठणं, आणि पाऊस इतका कमी की भिंती वाहून न जाता उभ्या राहाव्यात, एवढं सगळं एका जागी लागतं. म्हणूनच त्या ३१० चौरस किलोमीटरच्या उद्यानात दोन हजारांहून जास्त कमानी नोंदल्या आहेत. एका दिशेने निदान तीन फूट उघडं असलेलं भोक असेल तरच ते कमान म्हणून मोजतात.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला बेसॉल्ट आणि जांभा, तिथे हा खेळ तसा होत नाही. पण पूर्वेला गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली येतो तो दगड एके काळी वाळूच होता. त्याचे कण सिलिकाने, म्हणजे गारगोटी ज्याची बनते त्या पदार्थाने, बांधले गेलेत, लिंबाने किंवा पावसाने ते सहज सुटत नाहीत. सहलीला गेलीस तर कड्याच्या टोकाला न जाता, वरच्या बाजूला एखादा सुटा तुकडा हातात घे आणि भिंगातून त्यातले वाळूचे कण बघ. आणि हे उत्तर सरांनाही वाचून दाखव, त्यांना आवडेल.

प्रश्न : उद्यानात खायला-प्यायला काय मिळतं? आम्ही शाकाहारी आहोत. — एक गृहिणी, चिकोडी

आत काहीही विकत मिळत नाही. हॉटेल नाही, चहाची टपरी नाही. पिण्याचं पाणी दारातल्या व्हिजिटर सेंटरवर आणि शेवटच्या टोकाला डेव्हिल्स गार्डनपाशी मिळतं. मध्ये कुठेही नाही. उन्हाळ्यात माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. हा आकडा मोठा वाटेल, पण कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, जागच्या जागी वाळतो. तहान लागायची वाट बघू नका, घोट घोट पीत राहा. नुसत्या पाण्यावरही राहू नका. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी बाटलीत ठेवा.

खाण्याला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यासारखं दुसरं काही नाही. मी तीच नेते. उन्हात खराब होत नाही, पोट भरतं, आणि चटणीतलं मीठ अंगाला हवंच असतं. विमानाने नेताना चटणी नीट बंद करा आणि तिकडे उतरल्यावर खायचे पदार्थ आणलेत हे अधिकाऱ्यांना आपणहून सांगा. दही-भात मात्र गाडीत ठेवू नका. खरकटं, सालं, टरफलं पिशवीत भरून परत आणायची. कावळे आणि खारी मागे लागतात, त्यांना घास टाकायचा नाही. आपल्याकडे काकबळी पुण्याचं काम, पण तिथे त्या सवयीने ते प्राणी स्वतःचं अन्न शोधायचं सोडतात.

प्रश्न : मी मूळचा टिळकवाडीचा, सध्या कॅलिफोर्नियात नोकरी करतो. मित्रांसोबत डेलिकेट आर्चला सूर्यास्ताला जायचं आहे, ड्रोनही नेणार आहे. एक शंका : सगळीकडे "वाटेवरूनच चाला" असे फलक आहेत म्हणतात. नुसती वाळूच आहे, तिच्यावरून चाललं तर काय बिघडतं? — एक इंजिनिअर

ड्रोन घरी ठेव. अमेरिकेतल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत तो उडवायला बंदी आहे. नाव दिलेल्या कमानींवर चढायलाही मनाई आहे.

आता वाळूचं. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलाने हे विचारलं ते बरं झालं, कारण तिथे गेलेल्या किती जणांना मी फोटोसाठी चार पावलं वाट सोडून जाताना बघते आणि जीव कळवळतो. ती नुसती वाळू नाही. वाटेच्या कडेला उकिडवा बस आणि नीट बघ. वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसेल. त्यावर बोटाच्या पेराएवढे उंचवटे, बुरुजांसारखे, काहींवर शेवाळाचे ठिपके, काहींवर दगडफुलाचे. हा पापुद्रा जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया नावाचे अतिसूक्ष्म जीव ओल मिळाली की जागे होतात, वाळूतून धाग्यांसारखे सरकतात आणि मागे चिकट आवरण सोडतात. त्या धाग्यांनी कण एकमेकांना बांधले जातात. मग वाऱ्याने जमीन उडत नाही, पावसाचं पाणी थांबतं, हवेतला नायट्रोजन मातीत येतो, आणि तेव्हा कुठे एखादं गवताचं बी तिथे तग धरतं. त्या ओसाडीत जे काही हिरवं दिसतं ते याच्या जिवावर.

हा पापुद्रा सुका असताना फार ठिसूळ असतो. त्यावर बूट पडला की चुरा होतो आणि पुन्हा बांधला जायला कित्येक वर्षं, दगडफुलं-शेवाळ परत यायला तर पिढ्या लागतात. तू एक फोटो काढून परत येशील; तुझ्या पावलावर पाऊल टाकून मागचे दहा जण जातील. म्हणून नियम सोपा : आखलेली वाट, उघडा खडक किंवा ओढ्याचं कोरडं पात्र, या तीन जागी पाय ठेवायचा. चौथी जागा नाही. मित्रांनाही सांग. ऐकले नाहीत तर पुन्हा सांग.

सूर्यास्ताचं म्हणशील तर संध्याकाळचा उजेड त्या कमानीवर सरळ पडतो आणि दगड आतून पेटल्यागत लाल होतो. मागे ला साल पर्वत, वसंतात त्यावर बर्फही असतं. पण गर्दी त्याच वेळी. शांतपणे बघायचं असेल तर पहाटे जा. वर जाताना उघड्या खडकाचा मोठा उतार लागतो, तिथे वाट आखलेली नाही, दगडांच्या लहान लहान रासा खुणेला रचल्या आहेत. एका राशीपाशी उभं राहून पुढची शोधायची. हौसेने आपली वेगळी रास रचायची नाही, मागून येणारा चुकतो. शेवटी खडकात कोरलेल्या कडेकडेच्या वाटेवरून वळलं की कमान एकदम समोर येते, तोवर तिचा पत्ता लागत नाही. परतताना अंधार होणार, म्हणून प्रत्येकाकडे टॉर्च हवा. मोबाइलच्या उजेडावर भागवू नका. ढग गडगडायला लागले तर वर जाऊच नका, त्या उघड्या खडकावर विजेपासून आडोसा नाही. आणि आकाश मोकळं असेल तर रात्री तासभर बॅलन्स्ड रॉकपाशी थांबा. २०१९ साली या उद्यानाला काळोखं आकाश जपल्याबद्दल आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. आकाशगंगा दिसते ती टॉर्चशिवाय बघायची.

वुल्फच्या झोपडीजवळून जाताना एका कातळावर घोडेस्वारांची कोरलेली चित्रं दिसतील, तिथल्या मूळ रहिवासी यूट लोकांनी काढलेली. ती बघून खाली सुरी घेऊन आपलं नाव कोरणारे महाभागही झाले आहेत. तिथे तो गुन्हा आहे. तू तसा नाहीस हे मला माहीत आहे, पण कुणी करताना दिसला तर गप्प बसू नकोस, रेंजरला कळव.

प्रश्न : कमान अंगावर कोसळली तर? — एक वाचक, हुक्केरी

भीती अगदीच खोटी नाही. १ सप्टेंबर १९९१ रोजी लँडस्केप आर्च या ९३ मीटर रुंद, अतिशय बारीक कमानीच्या पोटातून सुमारे १८ मीटर लांबीचा तुकडा निखळला. खाली लोक होते, कडकड आवाज ऐकून ते पळाले, कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून तिच्याखालून जाणारी वाट बंद आहे, लांबूनच बघायचं. ऑगस्ट २००८ मध्ये वॉल आर्च रात्रीतून पडली, सकाळी वाटेवर दगडांचा ढीग. उलट १९४० मध्ये स्कायलाइन आर्चमधला मोठा धोंडा गळून पडला आणि तिचं भोक दुप्पट झालं. तुम्ही तिथे असताना असं घडण्याची शक्यता फार कमी. कुंपण घातलंय तिथे ओलांडू नका, कमानीखाली जेवायला बसू नका, एवढं पुरे.

प्रश्न : आत जायला आधी आरक्षण लागतं का? कुठला महिना चांगला? — एक वाचक, बेळगाव

२०२२ पासून काही वर्षं गर्दीच्या महिन्यांत ठरावीक वेळेचं आरक्षण घ्यावं लागत होतं. हा नियम आणि प्रवेशशुल्क दरवर्षी बदलू शकतं, म्हणून तिकीट काढण्याआधी उद्यानाची सरकारी वेबसाइट बघाच. फायरी फर्नेस या भुलभुलैयासारख्या भागात जायचं असेल तर परवाना किंवा रेंजरबरोबरची फेरी वेगळी घ्यावी लागते. एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात लाल दगडावर बर्फ फार देखणं दिसतं, पण पायाखालचा खडक निसरडा होतो.

प्रश्न : बाई, स्पष्ट लिहितो. लाखो रुपये घालवून दगड बघायला अमेरिकेला कशाला जायचं? आपल्याकडे काय कमी आहे? — एक शेतकरी वाचक, रामदुर्ग

दादा, नुसत्या दगडांसाठी लाखो रुपये घालवून जा असं मी कुणालाच सांगणार नाही. ज्यांची मुलं तिकडे आहेत, जे जाणारच आहेत, त्यांनी मॉलमध्ये चार दिवस काढण्यापेक्षा तिथे जावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि आपल्याकडे काही कमी नाही, हे तुमचं खरं. तुम्ही तर दारातच आहात. तुमच्याकडून बदामी किती लांब? तिथला लाल वालुकाश्म आर्चेसच्या दगडाहून कितीतरी जुना आहे. सहाव्या शतकात चालुक्यांनी त्यात लेणी कोरली, आणि तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा शिलालेख आहे. लोक चारही लेणी बघतात, अगस्त्य तलावाच्या काठी माकडांना हुसकत शेंगा खातात आणि परततात. मी शाळेच्या मुलांना नेत असे तेव्हा सिद्लफडीपर्यंत चालवत न्यायची. गावाबाहेर झुडपांतून पायवाट जाते, आणि पुढे दोन मोठ्या शिळांना जोडणारी दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिच्याखाली आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत. आर्चेसच्या डबल आर्चपुढे ती लहान, पण तिच्या सावलीत हजारो वर्षांपूर्वी माणसं राहिली. अजून बघायचं असेल तर तिरुमलैचं शिलातोरण आहे; बालाजीला जाणाऱ्या आपल्या किती मंडळींनी ते पाहिलंय? जुन्नर तालुक्यात गुळुंचवाडीला बेसॉल्टमधला नैसर्गिक पूल आहे, वालुकाश्म नसतानाही झालेला.

सिद्लफडीला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर, बदामीतला वाट माहीत असलेला माणूस बरोबर घेऊन जा. वाटेत पाणी मिळत नाही, तेव्हा भरपूर न्या. तिथे खडकाखाली चूल मांडू नका, धुराने चित्रं काळी पडतात. आणि चित्र उठून दिसावं म्हणून कुणी त्यावर बाटलीतलं पाणी मारायला लागलं तर हात धरून थांबवा, दर शिपक्यागणिक थोडा रंग निघून जातो.